गोलात मांडलेल्या अकरा खुर्च्या

देवपूर, धुळे
२० नोव्हेंबर २०२३

ती. कुंदा मावशी,

वाकून नमस्कार. दिवाळीला तुझ्याकडून परत आले त्याला आठवडा झाला, तरी आई म्हणते, तुझ्या मावशीनं शेवभाजी खाऊ घालून तुला बिघडवून पाठवलं. फोनच करणार होते. पण तुमच्या घरात फोन म्हणजे लाऊडस्पीकर. ओसरीवर आबा, चुलीपाशी भागाबाई अक्का, आणि मधे तू नुसती 'हो हो, बरं बरं' करत. म्हणून पत्र. पत्राची सवय लहानपणी तूच लावलीस, आता भोग.

तुझ्या जेठांनी, म्हणजे काकांच्या थोरल्या भावांनी, आपल्या सरपंच तोताराम आबांनी, गावच्या नव्या ग्रामपंचायतीचं सभागृह कसं असावं ते मला ठरवायला सांगितलंय. भिंती-छप्पर इंजिनियर बघेल, माणसं बसवायची कशी ते मी बघायचं. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते आणि गेल्या वर्षी डिझाइन थिंकिंगचा, म्हणजे वापरणाऱ्याच्या सोयीनं वस्तू नि जागा आखण्याचा, अभ्यास केला, तेव्हा घरात सगळे म्हणाले की या दोन गोष्टींची मोट बांधून काय उपयोग. उपयोग मला तुमच्या मासिक सभेत कळला. सहा पुरुष सदस्य आत टेबलाभोवती, आणि तुम्ही पाच बायका, निवडून आलेल्या, बाहेर ओट्यावर खिडकीखाली! ठरावाचं रजिस्टर सहीसाठी गजांतून बाहेर येतं! मी पाहुणी म्हणून आत खुर्चीवर बसले होते. मला शरमेनं चहा गेला नाही.

मी पोरांना सांगते, कोण बोलणार आणि कोण गप्प बसणार हे पुष्कळदा बसण्याच्या जागेवर ठरतं. इंग्रजांच्या संसदेत बाकं समोरासमोर आहेत, दोन तट समोरासमोर भांडतात. कितीतरी देशांत अर्धगोल बसतात. आपल्या गावात मी पूर्ण गोल करणार आहे. अकरा खुर्च्या, सगळ्या सारख्या. वरचं टोक नाही, खालचं टोक नाही, आणि ओटा तर नाहीच.

पण आमच्या विद्येचा पहिला धडा असा की जो वापरणार त्याला आधी विचारा. म्हणून विचारते, तुला गोल चालेल ना?

तुझी,
मयुरी


केळखेडे, ता. रावेर
२ डिसेंबर २०२३

चि. मयुरीस,

आशीर्वाद. तुझं पत्र तीनदा वाचलं, एकदा गोठ्यात, दोनदा केळीच्या बागेत. संसद वगैरे मला काय कळतं, पण तू लिहिलंस की कळल्यासारखं वाटतं.

ओट्याचं तू फार मनाला लावून घेतलंस. आम्ही तिथे मजेत असतो गं. शेंगा फोडतो आणि बोलायचं ते बोलतो. नाल्यावरच्या फरशीचं, त्या बुटक्या पुलाचं, मी तिथूनच तीनदा बोलले. तू पाहिलीस ना ती फरशी? पलीकडच्या बागांत जायला तेवढी एकच वाट. कठडा नाही, आणि उंची गुडघाभर. सातपुड्यात पाऊस झाला की इकडे लख्ख ऊन असताना नाला भरून येतो. सकाळी कोरड्या पायांनी गेलेल्या बायका संध्याकाळपर्यंत पलीकडे अडकतात, कोणी घाईनं तशाच उतरतात. ती उंच करा आणि कठडा घाला, एवढंच माझं मागणं. ग्रामसेवकांनी आता यादीत घेतलंय. नव्या निधीतल्या कामांचा क्रम लागेल तेव्हा पुन्हा बोलायला लागेल.

हे मागणं खरं तर माझ्या जावेचं. भागाबाई अक्का रोज दोन वेळा म्हशींसाठी ती फरशी ओलांडते. साठी उलटली, गुडघे गेले. मला म्हणते, "तू बोल व माय, मले कोन इचारते!" आबांची बायको असून असं म्हणते. आता हस की रड.

गोल चालेल. तू काढलंस म्हणजे चांगलंच असेल. आबांना विचार, त्यांना आवडलं की बठ्ठं गावाला आवडलं. बघ, लग्नाला बावीस वर्षं झाली तरी आपलं माहेरचं अहिराणी 'बठ्ठं' सुटत नाही. इकडच्या बायका अजून हसतात.

तुझी मावशी,
कुंदा


धुळे
१४ जानेवारी २०२४

ती. मावशी,

तिळगूळ घे! आबांनी आराखडा मान्य केला. फोनवर म्हणाले, "जिल्ह्यात कोनाकडे नही असं झालं पाहिजे." सरपंचाची खुर्चीसुद्धा बाकीच्यांसारखीच राहील म्हटलं, त्यालाही हो म्हणाले. मला वाटलं होतं तिथे अडेल. उगाच घाबरले होते मी.

तुझ्यासाठी एक खास गोष्ट केली आहे. सध्या ओटा आहे त्या बाजूला खिडकीच ठेवली नाही. उजेड वरून, झरोक्यांतून येईल. आता कोणी म्हणालं की बायकांनी बाहेर बसावं, तर बाहेरून काही दिसणारही नाही आणि ऐकूही येणार नाही. आत यावंच लागेल. प्रत्येकीला प्रत्येकाचं तोंड दिसेल. फरशीचा विषय तू खुर्चीत बसून, आबांच्या डोळ्याला डोळा देऊन मांडशील, ते चित्र माझ्या डोळ्यांपुढे आहे.

तुमच्या पाचजणींना मी नाताळच्या सुट्टीत ओसरीवर कागद पसरून विचारलं होतं तेव्हा सगळ्या 'छान, छान' म्हणाल्या होत्या. वहीत लिहून ठेवलंय.

मयुरी


केळखेडे
२ फेब्रुवारी २०२५

चि. मयुरी,

सभागृहाचं उद्घाटन थाटात झालं. तुझ्या कॉलेजची परीक्षा नेमकी तेव्हाच निघाली, नाहीतर तुझाही सत्कार होता. रंग छान आहे, खुर्च्यांना गादी आहे. शेजारच्या गावांतून माणसं बघायला येतात आणि मधोमध उभी राहून वर झरोक्यांकडे बघतात. आबा सगळ्यांना सांगतात, आमच्या घरच्या सुनेच्या भाचीनं केलं. मला फार बरं वाटलं.

उद्घाटनाला आम्ही बायका खुर्च्यांच्या मागे उभ्या होतो, गर्दी होती ना. बसायची सभा पुढच्या महिन्यात. तिच्यातच कामांचा क्रम लागणार. यंदाच्या निधीत मोठं काम एकच बसतं. एक फरशी, आणि दुसरी गावाच्या तोंडाशी कमान. कमान आबांच्या मनात आहे, त्यांच्या वडिलांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या नावाची. सासरे चांगले माणूस होते, त्यांच्या नावाला कोण नाही म्हणणार.

भागाबाई अक्का रोज आठवण करते. तुझे काका म्हणतात, तुला योग्य वाटेल ते बोल. त्यांचं काय, ते सावद्याला केळीच्या वखारीत बसून बोलतात.

तुझी मावशी


धुळे
२० मार्च २०२५

ती. मावशी,

तुझं पत्र नाही, म्हणून मी ग्रामसेवकांकडूनच इतिवृत्ताची प्रत मागवली. वाचून नाचलेच! पाचही महिला सदस्य सभागृहात, खुर्चीवर हजर. विषय पहिला, कामांचा अग्रक्रम, सोबतच्या यादीप्रमाणे सर्वानुमते मंजूर (यादी तेवढी प्रतीबरोबर आली नाही). एकमत, मावशी! जिथे दर सभेला दोन तास हुज्जत चालायची तिथे पंधरा मिनिटांत एकमत.

पुढच्या महिन्यात जळगावला परिसंवाद आहे, तिथे मी तुमच्या गावावर बोलणार आहे. बसण्याची रीत बदलली की लोकशाही कशी बदलते, असा विषय घेतलाय. त्यात मला तुझे शब्द हवेत. त्या दिवशी तू काय बोललीस, कशी सुरुवात केलीस, आबा काय म्हणाले, सगळं लिही. चार ओळी चालतील.

मयुरी


केळखेडे
६ एप्रिल २०२५

चि. मयुरी,

बाग कापणीला आली आहे, दम घ्यायला वेळ नाही, म्हणून थोडक्यात लिहिते. बोलले की. सगळ्यांनी ऐकून घेतलं. माझे शब्द काय एवढे मोठे, तूच चांगले घाल, तुला येतात. खुर्ची मऊ आहे असं लिही.

तुझ्या आईला सांग, पापड पाठवते.

मावशी


धुळे
२८ सप्टेंबर २०२५

मावशी,

तेराव्याहून परत आले, तेव्हापासून कशात लक्ष नाही. भागाबाई अक्का या जगात नाहीत हे पटतच नाही. मी लहानपणी तुझ्याकडे यायची तेव्हा त्या माझ्या केसांना तेल लावायच्या आणि दर वेळी म्हणायच्या, धुळ्याला तुझी आई तेल लावते की नुसतं पाणी. ते आठवून बसमध्ये रडले. आणि आबांकडे बघवत नव्हतं. एवढा माणूस, ओसरीच्या कोपऱ्यात बसून लोकांना पाणी द्यायला सांगत होता.

मावशी, एक विचारू? रागावू नकोस. गावात शिरताना मला नवीकोरी कमान दिसली. आणि दहाव्याला आपण अक्का वाहून गेल्या त्या नाल्यावर गेलो तेव्हा फरशी तशीच होती, गुडघाभर उंच आणि बिनकठड्याची. मार्चमध्ये तर तू बोलली होतीस, ठराव एकमतानं झाला होता. मग सहा महिने काम का झालं नाही? कोणी अडवलं? मला कागद दे, मी जिल्ह्याला अर्ज करते. एक बाई मेली आहे, मी कोणाला सोडणार नाही.

मयुरी


केळखेडे
१२ ऑक्टोबर २०२५

मयुरी बाळा,

कोणी अडवलं असं विचारलंस. मी. अर्ज करायचा तर माझ्या नावानं कर.

मी त्या सभेत बोललेच नाही. तुला खोटं लिहिलं. एकमत झालं ते कमानीवर झालं. आता सगळं सांगते, मधे थांबले तर पुन्हा लिहिता येणार नाही.

आमच्याकडे जेठासमोर सून खुर्चीवर बसत नाही, त्यांच्या तोंडाकडे बघून बोलत नाही. तू शिकलेली आहेस, तुला हे जुनाट वाटेल, मलाही कधी कधी वाटतं. पण चोवीस वर्षांत आबा आणि मी एकमेकांशी एक शब्द सरळ बोललो नाही. ते भिंतीकडे बघून म्हणतात, "तिला म्हणा चहा ठेव." मी अक्काला म्हणते, "त्यांना सांगा जेवण झालंय." यात राग नाही गं, ही आमची माया आहे, आमची रीत आहे. अक्का आमच्या दोघांच्या मधला पूल होती.

ओट्यावर मी बोलायचे, कारण मधे भिंत होती. मी त्यांना दिसत नव्हते, ते मला दिसत नव्हते. ती भिंत माझा पदर होती. खिडकीतून मी आबांना काय काय सुनावलंय! एकदा तर म्हटलं, सरपंचाला नाला दिसत नसेल तर त्यांनी डोळे तपासावेत. आत सगळे हसले, आबाही हसले. घरी आल्यावर आम्ही दोघं जसं काही घडलंच नाही असे. तुला वाटलं, आम्हाला बाहेर हाकललंय. तुझी काय चूक, तू आत बसली होतीस. आत बसल्यावर तसंच दिसत असेल.

तू विचारलंस तेव्हा आम्ही छान म्हटलं. लेकीसारखी भाची, इतक्या हौसेनं कागद पसरून बसलेली, तिला नको कोण म्हणणार? मला वाटलं, जमेल. बायका दिल्लीत बसतात, मला काय धाड भरली आहे?

सभेच्या दिवशी अक्कानं माझ्या निऱ्या नीट केल्या आणि म्हणाली, "बोलजो बरं." मी आत गेले. माझी खुर्ची आबांच्या बरोबर समोर आली. गोलात कुठेही बसलं तरी कोणीतरी समोर येतंच. आमच्यातल्या सुलक्षणाच्या समोर तिचे चुलत सासरे होते, दुसरीच्या समोर तिचे दीर. मी खुर्चीच्या कडेला टेकले, पदर पुढे ओढला आणि जमिनीकडे बघत राहिले. ग्रामसेवकांनी कमान वाचली, फरशी वाचली, विचारलं, कोणाला काही बोलायचं आहे का? मी उभी राहिले. खरंच राहिले. वर बघितलं तर आबा माझ्याकडेच बघत होते, आणि ते माझ्याहून जास्त अवघडले होते. त्यांनी मान वळवायला बघितली, पण वळवणार कुठे? सगळीकडे माणसंच. मी त्यांच्या तोंडावर, त्यांच्याच वडिलांच्या कमानीला नको कसं म्हणू? मी खाली बसले. आम्ही पाचही जणी बोललो नाही. पंधरा मिनिटांत सभा संपली.

आता पुढचं ऐक, हे मी तुझ्या काकांनाही सांगितलेलं नाही. घरी आले तर अक्का दारात. "बोलली का?" मी म्हटलं, बोलले. तिचा चेहरा असा फुलला की पुढचं माझ्यानं सांगवलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती बागेतल्या बायकांना सांगत सुटली, आमची कुंदा सभेत बोलली, आता कठडा येतो. कमानीचा पाया खणला तेव्हा तिनं मला विचारलं, मी म्हटलं, आधी कमान, मग फरशी. पावसाळ्यात एकदा तिला म्हटलं, अक्का, तुम्ही आता पलीकडे जाऊ नका, म्हशी गडी बघेल. ती म्हणाली, "दिवाळीपर्यंत कठडा होतेच ना, तोवर मी जपून जाते."

त्या दिवशी ऊन होतं. ती दुपारी धार काढून परत निघाली. डोंगराकडून पाणी आलं. पलीकडच्या बायकांनी हाका मारल्या, पण ती अर्ध्यात पोचली होती, गुडघ्यांमुळे तिला ना पुढे पळता आलं ना मागे. धरायला काहीच नव्हतं. संध्याकाळी खालच्या बंधाऱ्यापाशी सापडली.

मला झोप लागत नाही, मयुरी. आबा जेवत नाहीत आणि त्यांना 'जेवा' म्हणायला मधे कोणी उरलं नाही. मी ताट ठेवते आणि बाजूला होते. तसंच ताट परत येतं.

तुझ्या सभागृहाला दोष देत नाही. खोलीनं माझं तोंड धरलं नव्हतं.

कुंदा


धुळे
१८ ऑक्टोबर २०२५

मावशी,

तुझं पत्र मिळालं. जळगावच्या परिसंवादात मी तुमच्या गावाचं चित्र पडद्यावर दाखवलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या कानातून जात नाहीत.

खोलीनं तुझं तोंड धरलं नाही असं तू लिहितेस, ते माझ्यावरच्या मायेपोटी. तुझी भिंत मी काढली. पाच बायका ओट्यावर बसून काय करतात हे बघायला मी एकदाही ओट्यावर येऊन बसले नाही. खुर्चीत बसून कीव करत राहिले. वापरणाऱ्याला विचारा, हे मी शिकवते आणि मीच तुला जेठांच्या ओसरीवर बसून विचारलं, गोल चालेल ना. तू आणखी काय म्हणणार होतीस?

एक गोष्ट तुला न विचारता केली आहे. तुझ्याच पत्त्यावर आबांना वेगळं पत्र पाठवलंय. तू सभेत का उभी राहिलीस, का बसलीस, ते लिहिलं. अक्काला तू काय सांगितलंस ते लिहिलेलं नाही, ते तुझं आहे. चूक माझ्या आराखड्याची, असं स्पष्ट लिहिलं. तुला राग आला तर तो माझ्यावर काढ, पण त्यांना कळायला हवं होतं.

तुझी,
मयुरी


केळखेडे
३० नोव्हेंबर २०२५

चि. मयुरी,

राग आला होता. आबांनी तुझं पाकीट उघडलं तेव्हा मी आत भांडी घासत होते. वाचून झाल्यावर ते उठून बागेकडे गेले. मला कोणाकरवी काही विचारलं नाही. महिनाभर घरात पान हललं नाही.

काल सभा होती. मी जाणार नव्हते. तुझे काका म्हणाले, सदस्य आहेस, सहीला तरी जा. गेले. त्याच खुर्चीवर, तसंच कडेला टेकले. सगळे आल्यावर आबा आले. त्यांनी खुर्चीची पाठ धरली, खुर्ची उचलली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली. मग तिच्यावर बसले, आम्हा सगळ्यांकडे पाठ करून. पस्तीस वर्षं गावाच्या पुढे बसलेला माणूस. ग्रामसेवक उठले, म्हणाले, "आबा, काय झालं?" आबा भिंतीला म्हणाले, "काही नही. कामकाज चालू करा. जिले बोलायचं तिले बोलू द्या."

कोणी हसलं नाही. सुलक्षणाच्या चुलत सासऱ्यांनीही आपली खुर्ची वळवली.

मी उभी राहिले. पहिली दोन वाक्यं पायांकडे बघून बोलले, मग आबांच्या पाठीकडे बघून. फरशी किती लांब, पाणी कुठवर येतं, रोज किती बायका जातात ते सगळं सांगितलं. त्रेचाळीस जातात, मी मोजल्या आहेत. आणि बाळा, मग मी तेही सांगितलं. म्हटलं, फाल्गुनात मला हे बोलायचं होतं, मी बोलले नाही, आणि घरी जाऊन अक्काला सांगितलं की बोलले. ती त्या भरवशावर जात राहिली. आबांची पाठ हलली नाही. फक्त त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. ते मला ओरडले असते तर बरं झालं असतं, किंवा रडले असते तर. ते तसेच बसून राहिले आणि मला कळलं की त्यांनी ऐकलंय.

ठराव झाला. फरशी दोन हात उंच होणार, दोन्ही बाजूंनी लोखंडी कठडा येणार. होळीच्या आत काम संपवायचं असं आबांनीच लिहायला लावलं. सगळ्यांनी सह्या केल्या, मीही केली.

आज सकाळी म्हशींकडे मी गेले. आमच्या घरातून ती फरशी ओलांडणारी आता मी एकटीच आहे.

तुझी मावशी,
कुंदा